पांढरी खाच आणि चारची गाडी

३ सप्टेंबर २०००, रविवार

आरतीच्या ऐन मध्यावर फोन वाजला. गणपती थांबतो, संपादक थांबत नाही, म्हणून टाळ बायकोच्या, अरुंधतीच्या हातात देऊन फोन घेतला. मुकुंदच होता.

मुकुंद आणि मी पैठणच्या पाठशाळेत एका सतरंजीवर बसून रूपं घोकलेले. पुढे तो औरंगाबादला दैनिकाचा संपादक झाला आणि मी इथे वडीगोद्रीत त्याचा बातमीदार. गुरुजी म्हणायचे, तुम्हा दोघांपैकी एकाचं नाव होईल. कोणाचं, ते सांगायच्या आधीच गेले.

"शरद्या, एक नोव्हेंबरपासून बातम्या कॉम्प्युटरवरून. फोनच्या तारेतून सरळ आमच्या यंत्रात. एसटीची पाकिटं बंद."

"आणि ज्याच्याकडे कॉम्प्युटर नसेल?"

"त्याचं गाव शेजारच्या बातमीदाराला जोडायचं, असं वरून ठरलंय. तुझं अंबडला जाईल."

महसूल खात्यात वडीगोद्री पूर्वीपासून अंबडला जोडलेलीच आहे. पण बातम्यांच्या राज्यात आमचं संस्थान इतकी वर्षं वेगळं होतं. ते खालसा होणार, हे डोक्यात घेऊन आरतीला परत उभा राहिलो आणि कडवं चुकलो. अरुंधती मोठ्याने म्हणत होती, त्यामुळे देवाच्या लक्षात आलं नसावं. तिच्या आलं.

प्रसाद देताना म्हणाली, "घ्या की मग कॉम्प्युटर. आपल्या शिवकन्येनं पुण्याहून पाठवलेली ती सीडीची तबकडी तरी ऐकता येईल. नातीचा आवाज आहे म्हणे तिच्यात. कधीची कपाटात पडलीय."

५ सप्टेंबर, मंगळवार

आज भुजंगला सांगायचं होतं. सांगितलं नाही. गाडी भरलेली होती.

भुजंग म्हणजे चारच्या बीड–औरंगाबाद गाडीचा कंडक्टर. मी दुपारपर्यंत बातम्या लिहितो, पाकिटात घालतो, फाट्यावर काकासाहेबाच्या टपरीत चहा घेतो आणि गाडी आली की पाकीट खिडकीतून भुजंगच्या हाती देतो. औरंगाबादच्या स्टँडवर दैनिकाचा माणूस ते उतरवून घेतो. पाकीट चिकटवत नाही. भुजंगला पाचोडपर्यंत ते वाचायचं असतं, आणि एकट्याला नाही, मोठ्याने, सगळ्या गाडीला ऐकवून.

सुरुवातीला मी रागावलो होतो. मग एकदा मी जांबुवंतरावांना श्रद्धांजली वाहिली. संध्याकाळी पाचोडच्या बूथवरून फोन: "शास्त्रीबुवा, तुमचा मेलेला माणूस तिसऱ्या बाकावर बसून माझ्याकडं हाफ तिकीट मागून राह्यला." गेलेले होते ते त्यांचे चुलतभाऊ. भुजंगने पेन्सिलीने नाव बदललं आणि दैनिकाची अब्रू राहिली. तेव्हापासून पाकिटाचं तोंड उघडं. त्या गाडीत अंतरवालीपासून शहागडपर्यंतचं कोणी ना कोणी बसलेलं असतंच. मी लिहितो, गाडी तपासते.

हे मुकुंदला ठाऊक नाही. त्याला वाटतं, मी फार काटेकोर आहे.

११ सप्टेंबर, सोमवार

जालन्याहून कॉम्प्युटर आला. जोडणारा बद्रीनाथ, त्याचं मामाचौकाजवळ दुकान आहे. स्वतः येऊन मांडून गेला. जाण्यापूर्वी झाकण उघडून त्याने मला आतलं दाखवलं, म्हणजे मीच हट्ट धरला. ज्या ग्रंथावर जगायचं, त्याची पानं तरी पाहिलेली बरी.

आत एक मोठा हिरवा फळा आहे. त्याला मदरबोर्ड म्हणतात. सगळ्या संसाराचा भार त्याच्यावर, म्हणून नाव योग्य आहे. त्यावर खाचा असतात आणि खाचांत कार्डं उभी रोवायची. आमच्या बोर्डावर एक तपकिरी खाच, तिच्यात चित्राचं कार्ड. दोन पांढऱ्या, आखूड. एकीत आवाजाचं कार्ड, दुसरी रिकामी.

"ही मॉडेमची," बद्रीनाथ म्हणाला. "त्या कार्डात फोनची तार खोचली की बात औरंगाबादला. माल आत्ता दुकानात न्हाई, पण मंग टाकू. घाबरायचं काम न्हाई, साहेब."

तो गेल्यावर तबकडी लावली. नात म्हणते, "आजी, तू ऐकतीयेस का?" आणि अरुंधती यंत्राकडे तोंड करून म्हणते, "ऐकतेय गं." चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. नात पुन्हा म्हणाली, ही पुन्हा म्हणाली.

१९ सप्टेंबर, मंगळवार

पितृपंधरवडा चालू आहे. त्यात नवी वस्तू घरात आणत नाहीत, हे अरुंधतीने सकाळी सुनावलं. मी म्हटलं, शास्त्रात निषेध नव्या वस्तूचा आहे. जुनी आणायला हरकत कसली? असा तोडगा काढून मी जालन्याला गेलो आणि बद्रीनाथकडून कोणाच्या तरी मोडलेल्या यंत्रातलं जुनं मॉडेम कार्ड घेऊन आलो. शास्त्रार्थ जिंकल्याचा आनंद घरी येईपर्यंत टिकला.

कार्ड खाचेपेक्षा लांब निघालं. दात मोठे, दोन गटांत, मधे खिंड. पांढऱ्या खाचेत त्याचं एक टोक बसेना, दुसरं बाहेर लोंबायला लागलं. फोन केला.

"हे तर काळ्या लांब खाचेचं कार्ड आहे साहेब. आयएसए. तुमची खाच पीसीआय. तिचं-याचं न्हाई जमत."

"मग दिलं कामून?"

"तुम्ही म्हणले, जुनंच पाहिजे. मी जुनं दिलं."

पुढे त्याने सांगितलं, ते मला दिवसभर पुरलं. एके काळी सगळी कार्डं त्या काळ्या खाचेतच बसायची. मग पांढरी आली. काही वर्षं दोघी एका बोर्डावर शेजारी शेजारी नांदल्या. आता नव्या बोर्डावर काळी देतच नाहीत. तिच्यात काही बिघाड नव्हता म्हणे. हळू होती, एवढंच.

मला त्या न पाहिलेल्या खाचेबद्दल उगाच आपुलकी वाटली. कार्ड परत करवत नाही, टेबलावर ठेवलंय. कागदावर ठेवायला वजन म्हणून चांगलं आहे.

२ ऑक्टोबर, सोमवार

नवरात्र बसलं, आता नवी वस्तू चालते. जालन्याहून नवंकोरं कार्ड आणलं. या वेळी मी बोर्डाची इंग्रजी पुस्तिका बरोबर नेली होती आणि दुकानात पत्रिका मांडल्यासारखी उघडली. गावात कोणाचं लग्न ठरायचं झालं की लोक माझ्याकडे पत्रिका जुळवायला येतात. मी ज्योतिषी नाही, असं सांगितलं की त्यांचा विश्वास आणखी वाढतो. तो सगळा अनुभव आज कामाला आला. खाच पांढरी, कार्डही पांढऱ्या खाचेचं. दातांमधली फट खाचेतल्या आडव्या पट्टीला बरोबर. तबकडीवरचं सॉफ्टवेअर विंडोज अठ्ठ्याण्णवचं, यंत्रातही तेच. बद्रीनाथ कौतुकाने बघत होता.

"बिलकुल बसंल," तो म्हणाला. "आता बसलं न्हाई तर खाचेचा दोष."

घरी येऊन लगेच बसवता आलं असतं. पण दसरा पाच दिवसांवर आला आहे. साडेतीन मुहूर्तांतला एक सोडून सोमवारी कशाला बसवायचं? अरुंधती म्हणाली, "पाकीट देताना मुहूर्त बघत नव्हतात." मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, उत्तर दिलं नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी

आज शस्त्रपूजा. दरवर्षी मी पेन, सायकल आणि विळी पाटावर मांडतो. यंदा शेजारी कॉम्प्युटर.

अरुंधतीने बाहेरच्या पत्र्याला हळद-कुंकू लावायला बोट पुढे केलं, तेवढ्यात मी अडवलं. पत्रा हे केवळ आवरण. उपाधीची पूजा करून तत्त्व सोडायचं, हे मला पटलं नाही. चार स्क्रू काढून झाकण उतरवलं.

"आत कशाला हात घालताय?"

"देव गाभाऱ्यातच असतो. दारावर नमस्कार करून कोणी परत येतं का?"

बोर्डाला कडेने हळद-कुंकू. चित्राच्या आणि आवाजाच्या कार्डांना वरूनच बोट टेकवलं. रिकामी पांढरी खाच उद्याची मानकरीण, म्हणून तिच्यावर झेंडूची पाकळी आणि ओल्या कुंकवाच्या अक्षता जरा सढळ हाताने टाकल्या. मंत्र म्हणताना स्वर छान लागला. पाठशाळा सुटल्यापासून इतका मनापासून म्हटला नव्हता.

नंतर फडक्याने सगळं हलकेच पुसून घेतलं. व्यवस्थित झालं.

७ ऑक्टोबर, शनिवार. विजयादशमी

विजय झाला नाही.

विजय मुहूर्तावर कार्ड खाचेवर धरून दाबलं. एका बाजूने उतरलं, दुसऱ्या बाजूने केसभर वर राहिलं. पुन्हा काढलं, पुन्हा दाबलं. स्क्रूचं भोकही जुळेना. यंत्र चालू केलं तर त्याला कार्डाचा पत्ताच नाही. जोर लावला नाही. न लागणाऱ्या श्लोकाचा अर्थ ओढून लावू नये, असं गुरुजी सांगायचे.

पत्रिका तर सगळी जुळली होती. मग मनं जुळत नसतील.

चारला पाकीट घेऊन गेलो. भुजंगने खिडकीतून हात काढून आधी सोनं दिलं, मग पाकीट घेतलं. पाकीट चाचपून म्हणाला, "आज जाड दिसून राह्यलं. काय आहे?"

"अंतरवालीत सीमोल्लंघनाला दोन मिरवणुका निघाल्या."

"दोन न्हाई, तीन. तिसरीत मी होतो ना सकाळी!" आणि घंटी मारली.

कार्डाच्या अपयशाचं दुःख फाट्यावरून परत येईपर्यंत बरंच कमी झालं होतं. चहाही आज चांगला होता.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

काल बद्रीनाथकडून कार्ड बदलून आणलं. त्याने माझं कार्ड दुकानातल्या यंत्रात बसवून दाखवलं. तिथे ते चटकन बसलं आणि चाललंही. मला फसवल्यासारखं वाटलं. तरी त्याने दुसऱ्या बनावटीचं दिलं. आज तेही केसभर वरच राहिलं.

"डबाच घेऊन या इकडं," तो फोनवर म्हणाला. "मला दिवाळीमुळं मरायला फुरसत न्हाई, न्हाईतर मी आलो असतो."

दुपारी अरुंधती विजेरी घेऊन आली. उघड्या यंत्रात तिने बारकाईने पाहिलं. तांदूळ निवडताना पाहते तसंच, मान जराशी वाकडी करून. मग विजेरी विझवली.

"काय दिसलं?"

"काही नाही. असंच."

विजेरीची काच पदराला पुसली. मग म्हणाली, "साडेतीन वाजले. सदरा इस्त्रीचा काढून ठेवलाय. निघा, नाहीतर गाडी चुकेल."

१६ ऑक्टोबर, सोमवार

भुजंगला अखेर सांगितलं. गाडीचं चाक बदलत होते, त्यामुळे वेळ होता. काकासाहेबाने दोन कप पुढे केले.

"म्हंजे एक तारखेपासून पाकीट न्हाई?"

"नाही."

"मंग आम्ही बातम्या कुठं वाचायच्या?"

"पेपरात."

"पेपरात तर सगळेच वाचतात," भुजंग म्हणाला आणि चहाचा कप अर्धाच खाली ठेवला. मग मन मोठं करून म्हणाला, "डबा दुरुस्तीला न्यायचा असंल तर टाका माझ्या गाडीत. माझ्या सीटशेजारी ठेवतो. पाचोडला अंबडच्या गाडीवाल्यालाही सांगतो, जालन्याला बराबर उतरवून देईल. तुमची बायको दिल्यासारखी नेतो."

मी म्हटलं, पूजा झालेली वस्तू दिवाळीपर्यंत जागेवरून हलवत नाहीत.

"असं कोणत्या पोथीत आहे?"

"आहे एका."

काकासाहेबाने माझ्याकडे पाहून चहात साखर जास्त टाकली. असं कोणत्याच पोथीत नाही, हे इथे लिहून ठेवतो. डबा एसटीत हादरतो, एवढाच माझा मुद्दा होता. तो सरळ का सांगितला नाही, कोण जाणे.

२१ ऑक्टोबर, शनिवार

मुकुंदचा फोन.

"शरद्या, भोकरदन आलं. धावड्यासारख्या गावातून काल बातमी आली यंत्रावर! तू हायवेवर बसून काय करतोयस?"

"कार्ड जुळत नाही."

"किती कार्डं झाली?"

"तू संपादक आहेस की मुलीचा बाप?"

तो हसला नाही. नेहमी हसतो. "ऐक. अंबडच्या माणसाने तुझ्या गावांची यादी मागितलीय. मी दिली नाही अजून. पण एक तारखेला मला वर उत्तर द्यायचंय. तू माझा मित्र आहेस, हे वर उत्तर म्हणून चालत नाही."

फोन ठेवल्यावर मी गावं मोजत बसलो नाही, पण ती आपोआप डोळ्यांसमोरून गेली. अंतरवालीचा छोटा चौक, महाकाळ्याचा कारखाना, गोदेचं पात्र. दुसरा कोणी या गावांबद्दल लिहील आणि ते बरोबरही असेल. तरी जेवण गेलं नाही.

२८ ऑक्टोबर, शनिवार. पाडवा

अरुंधतीने ओवाळलं. ओवाळणीत काय हवं विचारलं, तर म्हणाली, "ते आवाजाचं कार्ड काढा. त्या खाचेत तुमचं बसवून बघा. ती खाच चालते, हे तर माहीत आहे."

"आणि तुझी तबकडी?"

"पाठ झालीय मला."

मी स्क्रूड्रायव्हर घेतला. आत, नात दुपारी जिथून बोलते, त्या कार्डाच्या स्क्रूला लावला. मग परत ठेवला.

"राहू दे," म्हटलं. "घरात आपण दोघंच. तिसरा आवाज तेवढाच. बातमी काय, अंबडचा माणूसही पाठवेल. 'आजी, ऐकतीयेस का' हे तो नाही म्हणणार."

 ताम्हण घेऊन आत गेली. बराच वेळ भांडी वाजत होती. राग आला असावा. फुकट ओवाळलं, असं वाटलं असेल.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

शेवटचं पाकीट सकाळीच लिहून ठेवलं. उद्या मुकुंदला सांगायचं, संस्थान खालसा कर. कसं सांगायचं, त्याची दोन वाक्यं मनात बांधून पाहिली. एकही चालेना.

अरुंधती स्वयंपाकघरातून क्रोशाची सुई घेऊन आली. "सरका जरा."

"यात विणकाम कसलं?"

"सरका म्हणते ना." तिने मला विजेरी धरायला लावली. सुईचं टोक पांढऱ्या खाचेच्या अगदी कडेला घातलं, हलकेच फिरवलं आणि वर ओढलं. आकड्याला अडकून एक तांदळाचा दाणा आला. कुंकवात भिजून वाळलेला, लाल, अखंड. तिने तो माझ्या तळहातावर ठेवला.

मी कार्ड धरलं. दाबलं. ते आत उतरलं, दोन्ही बाजूंनी सारखं, आणि स्क्रूचं भोक भोकावर आलं. बद्रीनाथ म्हणाला होता तसा दोष खाचेचाच होता. पण खाचेने काय केलं होतं बिचारीने? तिने प्रसाद धरून ठेवला होता.

तेवढ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. "तुला कसं कळलं, त्याच कोपऱ्यात आहे?"

"विजेरी लावली तेव्हाच दिसला होता."

"म्हणजे दसऱ्यानंतर लगेच? आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही चारला गेलात की मला तासभर घर मिळतं," ती सुई पदराला पुसत म्हणाली. "दिवसभर इथेच बसून बातम्या पाठवायला लागलात, तर मी तबकडी कधी ऐकायची? तुमच्यासमोर उत्तरं द्यायला लाज वाटते मला."

"आणि आज का काढलास मग?"

"नातीच्या आवाजाला तुम्ही हात लावला नाहीत, म्हणून."

बायका किती दूरवर हिशेब करतात! स्वतःच्या एका तासासाठी माझी बातमीदारी टांगून ठेवली. मी रागावणार होतो. पण चारची वेळ होत आली होती आणि सदरा इस्त्री करून खुंटीवर लावलेला होता.

भुजंगने पाकीट घेतलं, कपाळाला लावलं आणि काही न विचारता घंटी मारली. त्याने कधी न विचारता घंटी मारलेली नाही.

१ नोव्हेंबर, बुधवार

मॉडेम बोललं.

आधी फोनचा सूर, मग आकडे, मग जो काही गजर झाला, तो आमच्या पाठशाळेसारखा होता. पहाटे प्रत्येक जण आपापला धडा मोठ्याने म्हणतोय, कोणाचं कोणाला कळत नाही, आणि गुरुजी आले की एकदम शांत. तसंच एकदम शांत झालं आणि बातमी गेली. अंतरवाली सराटीत शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन, सरपंच दुर्गाबाईंच्या हस्ते.

मुकुंदचा फोन लगेच आला. "आली रे, आली! अक्षर काय सुरेख आलंय." मग म्हणाला, "पण हे तुझं अक्षर नाही. इतकी वर्षं तुझा 'क्ष' लावताना तुला शिव्या घालत आलो. आज शिवी कोणाला घालू?"

"अंबडच्या माणसाला घाल."

या वेळी तो हसला. वडीगोद्री वाचली.

चार वाजता मी खुर्चीतच होतो. जायचं कारण नव्हतं. हायवेवर गाडी थांबल्याचा आवाज आला. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली, असं मला वाटलं. ट्रॅक्टर आडवा आला असेल. मग घंटी, आणि गेली.

अरुंधतीने तबकडी लावली नाही. मी दिवसभर तिच्या पायात पायात होतो, असं तिचं म्हणणं आहे.

२ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पेपर येऊन टेकतो न टेकतो तोच दारात दोन बायका. एकीच्या हातात पेपर, दुसरीच्या हातात पेढे.

पेपरवाली नंदाबाई. तीच अंतरवालीची सरपंच, ऑगस्टपासून. पेढेवाली दुर्गाबाई, तिची जाऊ, जी निवडणुकीत पडली आणि काल माझ्या कृपेने निवडून आली. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून दोघी एकदम माझ्याशीच बोलत होत्या.

"शास्त्रीबुवा, फीत मी कापली न् नाव हिचं कसं आलं?"

"आलं तर आलं! छापून आलं म्हंजे काही तरी असंलच ना? घ्या पेढा."

"घेऊ नका! घेतला तर मी हिथंच बसते!"

पेढा माझ्या हातात होता. खाऊ की नको, या धर्मसंकटातून अरुंधतीने दोघींपुढे चहा ठेवून सोडवलं. उद्या दुरुस्ती छापून येईल, असं मी वचन दिलं. नंदाबाई उठता उठता म्हणाली, "चारच्या गाडीत माझा भाऊ रोज असतो. त्यानं तुमचं पाकीट ऐकलं असतं तर हे झालंच नसतं."

दोघी गेल्यावर मी अरुंधतीला म्हटलं, यंत्राने चूक केली नाही, माझी होती, ती फक्त कोणी ऐकली नाही. ही म्हणाली, "हं." आणि साडेतीनला सदरा खुंटीवर लागला.

"आता कशाला? पाकीट नाही."

"पाकिटाशिवाय माणसाला गाडीत घेत नाहीत का?"

काकासाहेबाने न विचारता चहा दिला. गाडी आली. भुजंगचा हात सवयीने खिडकीबाहेर आला आणि रिकाम्या हवेत थांबला.

"पाकीट?"

"नाही. बातम्या आहेत." मी खिशातून आजचे लिहिलेले कागद काढून दाखवले. "आठच्या आत यंत्रावरून पाठवायच्या आहेत. त्याआधी गाडीने ऐकल्या तर बरं."

"मंग चढा की! उभे काय राह्यले?"

इतकी वर्षं या गाडीने माझी पाकिटं नेली, मी तिच्यात त्या वेळी कधी बसलो नव्हतो. भुजंगने तिसऱ्या बाकावर जागा करून दिली आणि तिकीट फाडून हातात दिलं. पाकिटाला कधी तिकीट लागलं नव्हतं, मला लागलं. मग कागद माझ्या हातातून काढून घेतले, दांडीला पाठ टेकवली आणि वाचायला लागला. दुरुस्तीची बातमी ऐकताना मागून नंदाबाईचा भाऊ म्हणाला, "आता बराबर." खताच्या बातमीत दोन दुकानांची नावं उलटी झाली होती, ती एका म्हातारीने सुलट केली. एका बातमीवर एवढा वाद झाला, की ती मी कापूनच टाकली.

पाचोडला उतरलो, उलट्या गाडीने परत आलो. दाराशी पोचलो तर आतून अरुंधतीचा आवाज: "ऐकतेय गं, ऐकतेय." बाहेर ओट्यावर थोडा वेळ बसलो आणि मग चप्पल जरा वाजवत आत गेलो.

बातम्या वेळेत गेल्या. काळ्या खाचेचं कार्ड दुरुस्त केलेल्या कागदांवर ठेवलंय.

"पाचोडला काय केलंत?" हिने विचारलं.

"चहा घेतला. अगदी वाईट मिळतो तिथे."

"मग?"

"मग काय? एकदा पिऊन मत बनवणं योग्य नाही. उद्या पुन्हा घेऊन बघतो."